रिचार्ज वाढवू नका, आधी डबा हलवा

गेल्या अंकात शेवटी सहज दोन ओळी टाकल्या होत्या की घरच्या वायफायचं काही रडगाणं असेल तर कळवा. मग काय, टपाल, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं आलंय की यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. आणि गंमत म्हणजे बऱ्याच पत्रांचा शेवट एकाच वाक्याने होतो, "मोठा प्लॅन घेऊ का?" सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीप्रमाणे काढलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : नमस्कार सर, चिंचवडला आमचा टू बीएचके आहे आणि दोनशे एमबीपीएसचा प्लॅन आहे. हॉलमध्ये टीव्हीवर सगळं झकास चालतं, पण मागच्या बेडरूममध्ये माझं वर्क फ्रॉम होम असतं, तिथे मीटिंगमध्ये माझा आवाज रोबोटसारखा येतो असं सगळे म्हणतात. मला त्यांचा आवाज बऱ्यापैकी नीट येतो. मोबाईलवर दोन दांड्या दिसतात. कंपनीच्या माणसाला तीनदा बोलावलं, तो येतो, हॉलमध्ये उभा राहून स्पीड टेस्ट करतो, "मॅडम दोनशे येतायत" म्हणतो आणि जातो. आता म्हणतो तीनशेचा घ्या. घेऊ का? सोबत घराचा नकाशा काढून पाठवते आहे, हसू नका. (चिंचवड)

उत्तर : नका घेऊ ताई. तो माणूस खोटं बोलत नाहीये, दोनशे येतायतच, फक्त हॉलपर्यंत. आपण ज्याला सरसकट "नेट" म्हणतो ना, त्यात दोन वेगळे प्रवास आहेत. एक, खांबावरून फायबरने तुमच्या त्या डब्यापर्यंत, म्हणजे राउटरपर्यंत, आणि दुसरा, डब्यापासून हवेतून तुमच्या लॅपटॉपपर्यंत. प्लॅनचे पैसे पहिल्या प्रवासाचे. तुमचं अडलंय दुसऱ्यात. टाकी कितीही मोठी बसवली तरी बेडरूमचा नळ चोंदलेला असेल तर धार तेवढीच.

तुम्ही सहज लिहून गेलात पण फार कामाची गोष्ट लिहिलीत, की त्यांचा आवाज तुम्हाला नीट येतो आणि तुमचा त्यांना नाही. वायफाय हे रेडिओसारखं एकतर्फी नसतं, लॅपटॉपलाही उलट बोलावं लागतं, आणि लॅपटॉपचा किंवा मोबाईलचा आवाज राउटरपेक्षा लहान असतो कारण त्यांना बॅटरी वाचवायची असते. त्या ज्या दोन दांड्या दिसतात त्या फक्त राउटर तुम्हाला किती ऐकू येतो ते सांगतात, तुम्ही त्याला किती ऐकू जाता ते नाही. म्हणून "जास्त पॉवरचा" म्हणून विकतात तो राउटर आणलात तरी दांड्या वाढतील आणि रोबोट तसाच राहील.

आता नकाशा. हसलो नाही, उलट अशी चित्रं सगळ्यांनी पाठवावीत. मी त्यावर पट्टी ठेवून टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यापासून (राउटर तिथे ठेवलाय, बरोबर ना?) तुमच्या टेबलापर्यंत सरळ रेघ मारली. रेघेवर काय काय आलं बघा : आधी टीव्हीची पाठ, मग स्वयंपाकघराची भिंत, तिला चिकटून फ्रिज, मग बाथरूम, त्यात टाइल्स, पाइप आणि पाण्याने भरलेला गिझर, आणि शेवटी बेडरूममधलं लोखंडी कपाट ज्याच्या दारावर उभा आरसा आहे. म्हणजे त्या बिचाऱ्या सिग्नलने जायचं कुठून? धातू लहर परत फेकतो, आरशामागचा मुलामाही धातूच असतो, पाणी लहर पिऊन टाकतं, आणि आरसीसीच्या कॉलमात सळ्यांचं जाळं असतं ते वेगळंच. नुसत्या विटेच्या दोन भिंती असत्या तर काही वाटलं नसतं, पण तुमच्या रेघेवर अख्खा संसार उभा आहे.

अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजा. अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारची फुकट अ‍ॅप्स मिळतात, त्यात सिग्नल डीबीएममध्ये दिसतो, मायनस अमुक. मॅकबुक असेल तर ऑप्शनचं बटण दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की तिथेही दिसतो. मायनस ५० असेल तर मस्त, मायनस ६७ च्या आसपासपर्यंत व्हिडिओ कॉल बरा चालतो, मायनस ७५ च्या पुढे गेलात की रडारड सुरू. आणि हा आकडा साधा नाहीये, तीनने घसरला म्हणजे सिग्नल निम्मा झाला, दहाने घसरला म्हणजे दहावा हिस्सा उरला. राउटरजवळ, पॅसेजमध्ये, टेबलाशी असे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा.

मग डबा त्या कप्प्यातून बाहेर काढा. तुमच्या नकाशात हॉल आणि बेडरूमच्या मधला जो पॅसेज आहे तिथे सहा-सात फूट उंचीवर भिंतीला लावला तर रेघ फ्रिज, गिझर सगळं चुकवून दरवाजातून जाते. अँटेना बाहेरच्या, हलवता येणाऱ्या असतील तर उभ्या ठेवा, कारण सिग्नल अँटेनाच्या टोकातून बाणासारखा सुटत नाही, तो तिच्या चारी बाजूंनी मेदूवड्यासारखा पसरतो आणि टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जातो. लोक अँटेनाचं टोक बेडरूमकडे रोखून ठेवतात ते उलटच होतं. डबा हलवताना त्यात जी बारीक वायर येते ती फायबर आहे, आत काच आहे, तिला घडी घालू नका, खिळ्याला करकचून बांधू नका. ती पुरत नसेल तर कंपनीच्या माणसाला चौथ्यांदा बोलवा आणि यावेळी स्पीड टेस्ट नको, डबा सरकवून दे म्हणावं. ते नाहीच जमलं तर जुना डबा तिथेच ठेवून, त्याच्या लॅन पोर्टातून एक कॅट सिक्स केबल पॅसेजमध्ये आणून तिथे दुसरा साधा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल) लावा. केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला पंधरासुद्धा लागणार नाही.

अजून एक. तुमच्या डब्यात वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे असतील आणि दोन्हींचं नाव एकच ठेवलेलं असेल. ५ वालं जवळ सुसाट पळतं पण भिंतीत लवकर दमतं, २.४ वालं हळू पण लांब जातं. डबा हलवल्यावर टेबलाशी ५ चा आकडा मायनस ६७ च्या आत आला तर लॅपटॉप त्यावरच ठेवा. काही डब्यांत दोन्हींना वेगळी नावं देता येतात, तशी द्या, म्हणजे लॅपटॉप कुठे चिकटलाय ते तरी कळेल.

आणि तुम्हालाच उपदेश केला असं नको, माझंही सांगतो. आमच्याकडे दोन वर्षांमागे दिवाळीच्या साफसफाईत राउटर माळ्यावर गेला, कारण वायरी दिसतात. माळ्यावर त्याचे शेजारी कोण, तर पितळी घंगाळ, दोन पराती, आजीचा तांब्याचा बंब आणि पत्र्याची ट्रंक. मी मात्र रोज कंपनीला फोन करतोय, आवाज चढवतोय, एकदा तर सुपरवायझरला द्या म्हणालो. तुळशीच्या लग्नाला पाहुणे यायचे म्हणून बायको स्टुलावर चढली, परात खाली घेतली आणि हॉलमधून पोरगं ओरडलं, "बाबा, नेट आलं!" फोनवरच्या त्या मुलीला सॉरी म्हणायला मी काही परत फोन केला नाही. करायला हवा होता.

प्रश्न : आमचं घर जुनं चिऱ्याचं आहे, भिंती चांगल्या जाड. राउटर माजघरात आहे, पडवीत रेंज जेमतेम, आणि अंगणापलीकडे आंब्याच्या पेट्या भरायची पत्र्याची शेड आहे तिथे शून्य. सीझनला तिथूनच फोटो पाठवायचे असतात, पेमेंट आलं का बघायचं असतं. पावसात अजून कमी होतं, तर पावसाने वायफाय बिघडतं का? दुकानदाराच्या सांगण्यावरून रिपीटर आणून पडवीत लावला, दांड्या फुल्ल आल्या पण नेट तसंच अडखळतंय. (रत्नागिरीजवळून)

उत्तर : दुकानदाराने रिपीटर दिला पण तो लावायचा कुठे ते सांगितलं नाही. रिपीटर म्हणजे निरोप्या. माजघरातलं ऐकायचं आणि पडवीत ओरडून सांगायचं. तुम्ही निरोप्याला पडवीत उभा केलात, तिथे त्यालाच माजघरातलं धड ऐकू येत नाही, मग तो जे अर्धवट ऐकतो तेच मोठ्याने सांगतो. दांड्या फुल्ल दिसतात त्या तुमच्या आणि रिपीटरच्या मधल्या. त्यात साधा रिपीटर एकाच चॅनलवर, म्हणजे हवेतल्या एकाच पट्टीवर, ऐकतो आणि बोलतोही, एकच गोष्ट हवेत दोनदा जाते, म्हणजे स्पीड तिथेच साधारण निम्मा. त्याला उचलून माजघराच्या दाराशी आणा, जिथे मूळ राउटरचा सिग्नल अजून चांगला आहे. पडवीपुरतं काम होईल.

पावसाचं म्हणाल तर दहा-पंधरा मीटर हवेत पाऊस पडला म्हणून वायफायला फरक पडत नाही. टीव्हीची डिश जोराच्या पावसात जाते कारण ती ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते आणि सिग्नल थेट उपग्रहावरून ढग पार करत येतो, ते गणित वेगळं. तुमच्याकडे पावसात बिघडतं ते चिऱ्यामुळे. जांभा दगड छिद्राछिद्रांचा, जून लागला की पाणी धरतो, आणि चार महिने तुमच्या भिंती ओल्या स्पंजसारख्या उभ्या असतात. कोरड्या चिऱ्यातून जेवढं पार होत होतं तेवढं ओल्यातून होत नाही. गिलावा केला असेल आणि त्यात कोंबडीजाळी मारली असेल तर विचारूच नका, त्या जाळीची भोकं लहरीपेक्षा खूप लहान असतात (२.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर), त्यामुळे लहरीला ती जाळी म्हणजे जवळजवळ सलग पत्राच. खिडक्यांना स्टीलची मच्छरजाळी असेल तर तीही त्यातलीच.

शेडसाठी मात्र हवेतून प्रयत्न करूच नका, मधे ओली भिंत, वर पत्रा. वायर टाका. पण ऐका, तांब्याची लॅन केबल अंगणातून ओढू नका. आपल्याकडे मेमध्ये वळवाला आणि मग परतीच्या पावसाला विजा कशा पडतात ते तुम्हाला मी सांगायला नको, लांब कुठेतरी पडली तरी अशा उघड्यावरच्या तांब्यात दणका उतरतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात, टीव्हीसकट. तिथे फायबर टाका. काचेतून वीज जात नाही. तुमच्या गावात जो केबलवाला घरोघरी फायबर देतो त्यालाच सांगा, घर ते शेड एक तुकडा ओढायचा आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडून देणारे छोटे डबे) लावायचे, त्याला नवीन काही नाही. फक्त त्या फायबरबरोबर आधाराला एक स्टीलची तार येते, ती बाहेरच खांबाला किंवा वाशाला बांधून तोडायला लावा, घरात आत आणायची नाही, नाहीतर एवढं करून विजेला वाट दिलीच. शेडमधला राउटर पत्र्याच्या आत लावा, बाहेर नाही. आणि गडगडायला लागलं की अ‍ॅडॅप्टर प्लगातून काढा, स्विच बंद करून भागत नाही.

प्रश्न : डोंबिवलीला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये बाराव्या मजल्यावर राहतो. दिवसा नेट ठीक, रात्री ९ ते ११ अगदी बैलगाडी. वायफायची लिस्ट उघडली तर ३४ नावं दिसतात, त्यात एकाने स्वतःच्या वायफायचं नाव "पासवर्ड मागू नये" ठेवलंय. मित्राने अ‍ॅप बघून सांगितलं की १, ६, ११ वर गर्दी आहे, ३ नंबर चॅनल रिकामा आहे, तिथे जा. गेलो, तर अजून बिघडलं. (डोंबिवली)

उत्तर : मित्राचा हेतू चांगला होता पण सल्ला पार चुकला. आधी मात्र वेगळं काम करा. रात्री साडेनऊला लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि वायफाय बंद करून टेस्ट घ्या. वायरवरही बैलगाडीच असेल तर दोष बाहेर आहे, तुमच्या एरियात कंपनीने एकाच लाइनीवर जास्त घरं कोंबली असतील, मग चॅनल बदलून डोकं फोडू नका, आकड्यांचे स्क्रीनशॉट काढा आणि तक्रार टाका. वायरवर छान आणि हवेत वाईट असेल तर पुढचं वाचा.

२.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १ ते १३ चॅनल आहेत. तेरा म्हटल्यावर तेरा रस्ते वाटतात पण दोन चॅनलांमधे अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ आणि एका वायफायला रुंदी लागते निदान २०. म्हणजे ३ वर बसलात तर १ वाल्याच्याही अंगावर आणि ६ वाल्याच्याही अंगावर. एकमेकांना न खेटता बसतील असे तीनच, १, ६ आणि ११, म्हणून सगळे तिथे दिसतात.

आता वाटेल की गर्दीत बसण्यापेक्षा मधे बसलेलं काय वाईट? तर वायफायला एक चांगली सवय असते, बोलायच्या आधी ते ऐकतं. एकाच चॅनलवर दहा राउटर असले तर ते एकमेकांचं बोलणं ओळखतात, थांबतात, पाळीपाळीने बोलतात, रेशनच्या रांगेसारखं, हळू पण सरकतं. तुम्ही ३ वर बसलात की १ आणि ६ वाल्यांचं बोलणं तुम्हाला कळत नाही, नुसता गोंगाट येतो, आणि तुमचा त्यांना. कोणी कोणासाठी थांबत नाही, सगळ्यांचे निरोप फाटतात आणि परत पाठवावे लागतात. रांगेत मधेच घुसणाऱ्याचं जे होतं तेच. तेव्हा १, ६, ११ पैकी ज्याच्यावर लांबचे, बारीक सिग्नलवाले लोक आहेत तो घ्या, आणि सेटिंगमध्ये चॅनल विड्थ ४० असेल तर २० करा. ४० ठेवणारा माणूस म्हणजे ट्रेनमध्ये दोन सीटवर पाय पसरून बसणारा, आणि गर्दीत त्याचा त्यालाही काही फायदा होत नाही.

पण खरं सांगू का, ३४ नावांच्या इमारतीत २.४ चा नाद सोडलेलाच बरा. फोन, लॅपटॉप, टीव्ही जे जे ५ गिगाहर्ट्झ पकडतं ते तिकडे न्या. तिथे जागा पुष्कळ आहे, भारतात २०१८ मध्ये त्या पट्ट्यातला बराच मोठा भाग लायसन्सशिवाय वापरायला खुला झालाय. आणि चिंचवडच्या ताईंना जी भिंत नडत होती तीच तुम्हाला कामाला येते, शेजाऱ्याचं ५ गिगाहर्ट्झ भिंतीत दमतं आणि तुमच्याकडे पोचतच नाही. तिथे चॅनल निवडताना ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला घ्या. ५२ ते १४४ मधले रिकामे दिसतील, मोह होईल, पण ते रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. रडारचा नुसता संशय आला तरी राउटरला तो चॅनल सोडावा लागतो, आणि अशा दुसऱ्या चॅनलवर जाताना आधी निदान ६० सेकंद गप्प राहून कानोसा घ्यावा लागतो. मॅच बघताना शेवटच्या ओव्हरला हे झालं तर घरात काय होईल.

आणि शक्य असेल तर टीव्हीला वायर द्या. टीव्ही जागचा हलत नाही, त्याला हवेतून पाजायची गरजच काय. तेवढी हवा बाकीच्यांना मोकळी होते. तसंच दाराबाहेर वायफाय कॅमेरा असेल तर त्यालाही. त्याला सिग्नल बारीक, म्हणून तो सावकाश बोलतो, आणि तो बोलत असताना त्या चॅनलवरचे सगळे थांबून असतात. एक रेंगाळणारा माणूस अख्खी रांग अडवतो तसं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चॅनल वाटून घेऊया असं सुचवणार होतो, पण जिथे पार्किंगवर एकमत होत नाही तिथे जाऊ दे.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीहून महिनाभरासाठी आलाय. आमच्या सगळ्यांच्या फोनवर घरचं वायफाय लागतं, त्याच्या लॅपटॉपला मात्र नावच दिसत नाही. शेजाऱ्यांची दिसतात, आमचं नाही! तो म्हणतो तुमचा राउटर भंगार आहे, नवीन आणू. (नागपूर)

उत्तर : काकू, राउटर भंगार नाही, पैसे वाचवा. तुमचा राउटर बहुतेक २.४ वर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनलवर जाऊन बसलाय. आपल्याकडे आणि युरोपात ते चालतात, अमेरिकेत मात्र वायफाय ११ पर्यंतच वापरतात, त्यामुळे तिकडे घेतलेली कितीतरी यंत्रं १२, १३ कडे बघतच नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ करा, लगेच दिसेल. सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड बहुतेक डब्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो. हे काम मुलालाच करायला लावा, म्हणजे भंगार शब्द मागे घेईल.

प्रश्न : मायक्रोवेव्ह लावला की माझा व्हिडिओ कॉल अडकतो. बायको म्हणते योगायोग. (सोलापूर)

उत्तर : योगायोग नाही, पण वहिनींना हे माझं नाव सांगून सांगू नका. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे वायफायच्या अंगणातच. त्याच्या आत शेकडो वॅट फिरत असतात, आणि दाराच्या फटीतून त्यातला माणसाला काही न करणारा अगदी किरकोळ अंश बाहेर आला तरी राउटरच्या जेमतेम एक दशांश वॅटपुढे तो ढोल-ताशा असतो. साध्या, इन्व्हर्टर तंत्राच्या नसलेल्या मायक्रोवेव्हमध्ये तो गोंगाट सलग नसतो, विजेच्या प्रत्येक फेऱ्यात साधारण अर्धा वेळ चालू, अर्धा बंद, म्हणून नेट पूर्ण जात नाही, अडखळतं. कॉल ५ गिगाहर्ट्झवर घ्या, विषय संपला. राउटर मायक्रोवेव्हच्याच ओट्यावर असेल तर तिथून हलवा. दार खिळखिळं झालं असेल तर मात्र ते वायफायसाठी नाही, तुमच्यासाठी दुरुस्त करून घ्या.

प्रश्न : सासूबाई राउटरवर क्रोशाचा रुमाल घालतात आणि वर पितळी गणपती ठेवतात. त्यांना कसं सांगू? (कोल्हापूर)

उत्तर : रुमालाने सिग्नल अडत नाही, हे आधी त्यांच्या बाजूने सांगा. पण राउटर तापतो, त्याच्या अंगावरची भोकं श्वास घ्यायला असतात, ती झाकली की उन्हाळ्यात दुपारी तो मधेच बंद पडून परत सुरू होतो किंवा नुसताच मंदावतो. एप्रिलमध्ये दुपारी तीनला त्यांनाच त्यावर हात ठेवून बघायला सांगा. गणपती छोटा असेल तर त्याचा सिग्नलला फारसा त्रास नाही, पण बाप्पाला तरी गरम डब्यावर कशाला बसवायचं. बाजूला चांगला कोनाडा करून द्या आणि रुमाल तिथे अंथरा, असं म्हणून बघा.

प्रश्न : लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क लावली की वायरलेस माउस उड्या मारतो आणि वायफायही ढेपाळतं. डिस्क काढली की सगळं नीट. व्हायरस आहे का? (पुणे)

उत्तर : नाही रे, व्हायरस नाही. निळ्या पोर्टातली ती डिस्क यूएसबी ३ वर चालते, आणि त्या केबलमधून डेटा पळताना २.४ च्या पट्ट्यात खरखर बाहेर पडते. इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढून सांगितलंय, पण आपण बघतो माउसकडे. माउसचा तो नखाएवढा डोंगल डिस्कच्या शेजारच्या पोर्टात असेल, तो दुसऱ्या बाजूच्या पोर्टात टाक, किंवा फूटभर यूएसबी वायर लावून लांब ने. डिस्कची केबल आखूड आणि चांगल्या शिल्डची घे. वायफाय ५ वर.

प्रश्न : आमच्याकडे लोडशेडिंग असतं म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेतला. डबा चालू राहतो, वायफायही दिसतं, पण नेट नाही! मग इन्व्हर्टरचा उपयोग काय? (जळगाव)

उत्तर : डब्यावरच्या दिव्यांकडे बघा. लाईट गेल्यावर पॉन (PON) लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबर जिवंत आहे, अडचण पुढे कुठेतरी. लॉस (LOS) नावाचा दिवा लाल झाला तर तुमच्यापर्यंत उजेडच येत नाहीये. पूर्ण फायबरच्या लाइनीत मधल्या वाटणीच्या डब्यांना वीज लागत नाही, त्यामुळे गल्लीत लाईट गेली तरी नेट टिकायला हवं. पण बऱ्याच ठिकाणी फायबर फक्त बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत किंवा चौकापर्यंत येते, तिथे एका पेटीत स्विच असतो आणि पुढे घरात साधी लॅन केबल येते. तुमच्या घरात येणारी वायर फोनच्या वायरीपेक्षा जाड आणि टोकाला आठ पिनांचं प्लास्टिकचं बोंड असेल तर हाच प्रकार. त्या पेटीला बॅटरी नसेल तर लाईट गेली की सगळी गल्ली बंद, तुमचा इन्व्हर्टर काय करणार. ऑपरेटरला त्या पेटीत बॅटरी बसवायला सांगा, चार घरांनी मिळून सांगा, एकट्याचं ऐकत नाहीत.

आणि लाईट जाऊन आल्यावर राउटर सारखा आपोआप रीस्टार्ट होत असेल तर त्याचा अ‍ॅडॅप्टर दमलाय. बदलताना डब्यावर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत तेच घ्या, १२ म्हणजे १२, आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त, पिन बसते म्हणून सेट टॉप बॉक्सचा जुना लावू नका.